उपासना म्हणजे कोणाजवळ बसणं?

(कामोठे येथे वेगवेगळ्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)

मैत्रिणींनो, सलाम!

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत एकमेकांना असाच सलाम करतात. लहानपणी शाळेत मी बाईंना सलाम केला की वर्गातल्या मुली हसायच्या. त्यांना वाटायचं मी मुसलमान आहे. घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, "सलाम म्हणजे शांती. शांती द्यायला कुणाची परवानगी काढावी लागती का?" म्हणून आजही तसंच सुरू करते.

तुम्ही मला विषय दिलात तो ऐकायला सोपा आहे. ख्रिस्ती लोक देवाची उपासना करतात म्हणजे नेमकं काय करतात? मागच्या बैठकीत एका मैत्रिणीनं मला असंही विचारलं होतं की, "तुम्ही इतकी वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करता आणि तरी दर रविवारी चर्चमध्ये जाता, हे कसं जमतं?" खरं म्हणजे दोन्ही प्रश्न एकच आहेत. मी दोन्हींचं उत्तर एकदमच देणार आहे. त्यात माझी एक चूकही सांगणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आधी बाहेरून जे दिसतं ते सांगते. रविवारी सकाळी आम्ही जमतो. कामोठ्यात कुणी सिडकोच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये जमतात, कुणी भाड्याच्या हॉलमध्ये, कुणी गाडी पकडून दुसरीकडच्या मोठ्या चर्चला जातात. मराठी, मल्याळी, तमिळ, कोकणी, हिंदी, ज्याची त्याची भाषा. आमच्या मराठी उपासनेत आधी प्रार्थना होते, मग गीतं. पेटी असते, तबला असतो, टाळ असतात. यातली किती तरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. अभंग, ओवी, भजन हे सगळं टिळकांनी चर्चमध्ये आणून बसवलं. त्यानंतर शास्त्रवाचन, पाळकांचा उपदेश, दान, ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, आणि शेवटी आशीर्वाद. कॅथलिक बहिणींकडे मिस्सा असते. तिथं ख्रिस्तप्रसाद हा मुख्य भाग. दीड-दोन तासांत सगळं आटपतं आणि आम्ही घरी जाऊन मटणाला फोडणी देतो.

एवढीच उपासना असेल तर तिच्याबद्दल बोलण्यासारखं फारसं काही नाही. पण शब्दाकडे जरा बघा. उपासना म्हणजे उप-आसन, जवळ बसणं. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. त्या भाषेत उपासनेला जो शब्द आहे, अवोदा, त्याचा अर्थ कामही होतो. शेतातलं काम, मजुरी, सेवा आणि देवाची भक्ती, सगळ्याला तोच शब्द. म्हणजे एका भाषेत जवळ बसणं आणि दुसऱ्या भाषेत राबणं. मग माझ्यासारख्या बाईला साहजिकच प्रश्न पडतो की चर्चमध्ये जवळ कोण बसतं आणि राबतं कोण?

माझ्या आईचं उदाहरण सांगते. आमचं गाव नगर जिल्ह्यात. आजी महार समाजातून ख्रिस्ती झालेली. गावच्या विहिरीवर तिला पाणी भरता येत नव्हतं, पण चर्चमध्ये सगळ्यांबरोबर बसता येत होतं. ते तिला आयुष्यभर पुरलं. आईचं काम म्हणजे शनिवारी संध्याकाळी देऊळ झाडणं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. सारवायची, सतरंज्या घालायची, रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन पाण्याचे माठ भरायची. रोज दळायला घेताना मूठभर बाजरी वेगळी काढून ठेवायची, ती देवाची. नाताळात शंभर माणसांचा स्वयंपाक बायकाच करायच्या. पण पंच सगळे पुरुष. वर्षानुवर्षं आईनं झाडलेल्या त्या जागेत तिनं उभं राहून दोन वाक्यं बोललेली मी कधी ऐकली नाहीत. कुणी विचारलं तर ती पौलाच्या पत्राकडे बोट दाखवायची. बाईनं मंडळीत गप्प राहावं असं त्यात लिहिलंय म्हणायची. त्याच पत्रात थोडं आधी, बाई मंडळीत प्रार्थना करते आणि संदेश देते हे गृहीत धरलेलं आहे. ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मलाही ते पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आता माझ्या चुकीकडे येते.

सन 1994. मी तेव्हा नगर जिल्ह्यातच नोकरीला होते. आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची मी चिटणीस. एक तरुण बाई रात्री माझ्या क्वार्टरवर आली. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता. मी नर्स, त्यामुळे हात आधी चालले. जखम धुतली, औषध लावलं, चहा दिला. मग ती म्हणाली, "सिस्टर, मी परत जाणार नाही." आणि मी काय केलं? मी बायबल काढलं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला भाग तिला वाचून दाखवला. त्यात असं सांगितलंय की दान घेऊन वेदीपाशी जाण्याआधी माणसानं समेट करावा. मी तिला म्हटलं, "उद्या रविवार आहे. मन असं कडू ठेवून उपासनेला कशी बसशील? घरी जा, समेट कर. मी तुझ्यासाठी प्रार्थना करते." आणि खरंच मी त्या रात्री गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना केली. मला त्याचं समाधानही वाटलं. ते समाधान आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती उपासनेला आली. पदर पुढे ओढून शेवटच्या रांगेत बसली. तिचा नवरा पंच होता. दानाची थैली फिरवायची पाळी त्याची होती. तो एकेका रांगेतून थैली घेऊन आला, तिच्यासमोर आला, तिनं त्यात नाणं टाकलं. आम्ही सगळे गात होतो. तिच्या चेहऱ्याकडे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणीही गाणं थांबवलं नाही. मीही नाही.

पुढं दोन-तीन महिन्यांत तिचा हात मोडला. ती मुलांना घेऊन आईकडे निघून गेली आणि मजुरी करू लागली. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, मारतो एवढ्यावर तुला घटस्फोट मिळणार नाही. ते खरं होतं. आम्हा ख्रिश्चनांना 1869 चा, ब्रिटिशांच्या काळातला कायदा लागू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, पण बायकोनं निव्वळ छळ किंवा निव्वळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेनं कायदा बदलला. म्हणजे स्वतंत्र भारतात चोपन्न वर्षं आमच्या बायका या कलमात अडकून होत्या. या बदलासाठी ख्रिस्ती बायकांनी, स्त्री संघटनांनी आणि पुढे चर्चमधल्या लोकांनीही वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. पण 1994 मधल्या त्या बाईच्या हाती तेव्हा काहीच नव्हतं. कायद्यानं तिला परत पाठवलं. आणि कायद्याच्याही आधी मी पाठवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी ती मला नगरच्या एसटी स्टँडवर भेटली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सिस्टर, मी प्रार्थना सोडली नाही. रोज करते. पण तुमच्या रांगेत बसून नाही." तिची गाडी लागली, ती निघून गेली. तिनं मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. ते विचारायचा हक्क मला नव्हता.

त्या रात्री घरी येऊन मी तोच भाग पुन्हा वाचला. शंभरदा वाचलेला, पाठ असलेला. आणि माझ्या लक्षात आलं की मी तो उलटा वाचला होता. तिथं येशू ज्याला समेटाला पाठवतो तो दुखावलेला माणूस नाही. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याची तक्रार आहे, त्याला तो पाठवतो. म्हणजे ज्यानं दुखावलं त्याला. दान खाली ठेव, आधी तिच्याकडे जा, हे त्या नवऱ्याला सांगायचं होतं. थैली त्याच्या हातात होती. ती काढून घ्यायची होती. आणि मी मार खाल्लेल्या बाईला समेट करायला पाठवलं!

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण तसं वाचायची सवय मात्र लावली होती. शास्त्रात सहन करा असं जिथं आहे तिथं बाईचं बोट ठेवायचं आणि न्याय करा असं जिथं आहे तिथं पान उलटायचं. बायबलमधले संदेष्टे तर उपासनेवर फार कडक बोललेत. आमोस म्हणतो की देवाला तुमचे सण आणि तुमची गाणी नकोशी झाली आहेत, कारण न्यायाचा पत्ता नाही. यशया म्हणतो की उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, हा कसला उपास? उपासना खोटी केव्हा होते? सूर चुकला, कपडे साधे असले, पुस्तक विसरलं, म्हणून नाही. शेजारी बसलेल्या माणसाचा घास काढून, हाड मोडून आपण गात बसतो तेव्हा ती खोटी होते. ख्रिस्ती उपासनेचा मला कळलेला अर्थ हा आहे. आणि तो मी बाहेरच्या कुणाकडून आणलेला नाही, आमच्याच पुस्तकातला आहे.

आता पंडिता रमाबाईंविषयी बोलते, कारण हा प्रश्न आपल्या मराठी मुलखात त्यांच्याइतक्या धीटपणे कुणी विचारला नाही.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथं एका आश्रमात नेलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तो होता. रमाबाईंनी पाहिलं की तिथं त्या बायकांना मायेनं वागवतात. त्यांनी विचारलं, या बायकांविषयी तुम्हाला इतकी कळकळ कशी? तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे लिहून ठेवलंय. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ती गोष्ट काय आहे? भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर पाण्याला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. इथं रायगड जिल्ह्यात बसून मला ही गोष्ट जास्त समजते. याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी पाण्यासाठीच सत्याग्रह झाला. तर त्या विहिरीवर ती बाई वाद घालते. ती विचारते, उपासनेची खरी जागा कोणती? आमचा डोंगर की तुमचं यरुशलेम? आणि येशू सांगतो की डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही, देवाची उपासना आत्म्यानं आणि खरेपणानं करायची असते. मैत्रिणींनो, उपासना म्हणजे काय याचं येशूनं दिलेलं सगळ्यात स्पष्ट उत्तर हे आहे. आणि ते त्यानं कोणत्याही पुजाऱ्याला दिलं नाही, पंडिताला दिलं नाही, स्वतःच्या शिष्यांनाही आधी दिलं नाही. परजातीच्या एका बाईला विहिरीवर दिलं.

उपदेशात तिला नेहमी चारित्र्यहीन ठरवतात. का, तर तिचे पाच नवरे झाले होते आणि सहाव्याशी लग्न नव्हतं. पण त्या काळी नवऱ्यानं बायकोला सोडणं सोपं होतं. पाच वेळा ती विधवा झाली असेल किंवा टाकली गेली असेल. येशू तिला पापी म्हणत नाही, पापाची क्षमा केली असंही म्हणत नाही. तो तिची हकिगत नुसती सांगतो आणि पुढे तिच्याशी धर्मावर चर्चा करतो. ती घागर तिथंच ठेवून गावात जाते आणि गावाला सांगते. गाव तिचं ऐकतं. आम्ही मात्र तिला मंडळीत गप्प बसवलं!

रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण मान खाली घातली नाही. भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यावर रमाबाईंनी विचारलं की आमची संस्कृत त्या लॅटिनपेक्षा कमी आहे का? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी वाद घातला. त्यांचं म्हणणं असं की एका पुरोहितशाहीचं जू मी मानेवरून उतरवलं आहे, ते दुसऱ्या पुरोहितशाहीचं जू चढवून घ्यायला नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. ही त्यांची पत्रं आज छापलेली आहेत, जरूर मिळवून वाचा.

पुढे 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. तिथं त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. यावरून 1893 साली वादळ उठलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं होती, त्यांनी राजीनामे दिले. आपण प्रामाणिकपणे दोन्ही बाजू बघू. विधवा मुलींना आसरा देणाऱ्या बाईच्या उघड्या दाराचाही मुलींच्या मनावर परिणाम होणारच, ही काळजी अगदीच खोटी नव्हती. आश्रयाच्या बदल्यात देव, हा व्यवहार कुणीही करू नये, आम्ही ख्रिश्चनांनी तर मुळीच नाही. पण मला एक प्रश्न पडतो. बाईनं बंद दाराआड प्रार्थना केली तर चालते आणि दार उघडलं की समाज हादरतो, हे असं का? या मुली कुठं बसतात आणि कोणाजवळ बसतात हे ठरवायचा अधिकार सगळ्यांना होता, फक्त त्या मुलींना नव्हता.

केडगावच्या मुक्ती सदनात तर रमाबाईंनी अवोदा या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आणले. 1896-97 च्या दुष्काळातून आणलेल्या मुली तिथं शेती करायच्या, विणायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल भाषांतरित केलं. त्याचे खिळे मुलींनी जुळवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 साली बाहेर आलं. ज्या मुलींना समाजानं अपशकुनी ठरवलं होतं, त्यांच्या हातांनी देवाचं वचन छापलं गेलं. माझ्या लेखी ती उपासनाच होती.

मग आज काय स्थिती आहे? काही बदललं आहे. मुक्तिफौजेत पहिल्यापासून बायका उपदेश करत आल्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायकांना पाळक होता येतं. दक्षिणेच्या चर्चमध्ये 2013 साली पहिली स्त्री बिशप झाली. कॅथलिक चर्चमध्ये बाई अजून धर्मगुरू होऊ शकत नाही. आणि माझ्या आजीच्या जातीतली माणसं ख्रिस्ती राहिली म्हणून 1950 च्या आदेशापासून अनुसूचित जातींच्या सवलतींच्या बाहेरच आहेत. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, आमचा नाही. हा वेगळा विषय, पण बाईच्या ताटातली भाकरी त्यानंच कमी होते, म्हणून सांगून ठेवते.

इथं कामोठ्यात आम्ही आठ-दहा जणी दर गुरुवारी दुपारी माझ्या घरी जमतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा विचारलं, "इथं धर्मांतर चालतं का?" मी म्हटलं, "भाऊ, आत या, चहा घ्या, बघा." ते आले, दहा मिनिटं बसले, गुडघेदुखीची गोळी विचारून गेले. आम्ही गातो, वाचतो, प्रार्थना करतो. वाचलेल्या भागाचा अर्थ प्रत्येकीनं स्वतः सांगायचा असा नियम आहे. आणि दुसरा नियम असा की मार खाऊन आलेल्या बाईला ‘परत जा’ असं कुणीही म्हणायचं नाही. आधी डॉक्टर, मग तिला हवं असेल तर पोलीस, संरक्षण अधिकारी, वकील. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, हे मी प्रार्थनेच्या आधी सांगते. नंतर सांगितलं तर बायका घरी जायच्या घाईत असतात.

शेवटी तुम्हा कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या केंद्रावर एखादी ख्रिस्ती बाई आली आणि म्हणाली की मी प्रार्थना करते आहे, तर तिला भोळी समजू नका. ती प्रार्थना कधी कधी तिचा एकमेव आधार असते. ती सोड असं तुम्ही म्हटलंत तर ती तुम्हालाच सोडून जाईल. तिला एवढंच विचारा की ‘परत जा’ असं तुला देव म्हणाला का? की देवाच्या नावानं कुणी माणूस म्हणाला? आणि इथं बसलेल्या ख्रिस्ती बहिणींना सांगते, पुस्तक स्वतः वाचा. माझ्यासारखं उलटं वाचू नका.

मी अजूनही दर रविवारी जाते. पण आता दानाची थैली फिरायला लागली की मी आधी मागे वळून शेवटच्या रांगेकडे बघते. तिथं कुणी पदर पुढे ओढून बसलेली दिसली तर मी उठून तिच्याजवळ जाऊन बसते. गाणं चालू असलं तरी.

एवढं बोलून थांबते.  प्रश्न जरूर विचारा.